दुखऱ्या गुडघ्याला कामाला लावताना

"मॅडम, चालणं बंदच केलंय आता. जेवढा वापरीन तेवढा झिजणार ना गुडघा?"

फिजिओथेरपिस्ट म्हणून काम सुरू केल्यापासून हे वाक्य मी ऐकत आलेय. बोलणारी माणसं वेगवेगळी असतात. खुरपणीला जाणाऱ्या मावशी, बँकेतून निवृत्त झालेले काका, दिवसभर ओट्याशी उभी असणारी सून. हिशोब मात्र सगळ्यांचा एकच: गुडघा म्हणजे गाडीचा टायर, चालवला की झिजणार, तेव्हा जपून ठेवावा. हा हिशोब चुकीचा आहे. त्यापायी चांगली हिंडतीफिरती माणसं घरात बसतात, मांड्या वाळतात, वजन वाढतं आणि दुखणं होतं त्याच्या दुप्पट होतं. हे डोळ्यांसमोर घडताना फार वाईट वाटतं, कारण यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं असतं.

हा लेख आहे पन्नाशी-साठीनंतरच्या झिजेच्या गुडघेदुखीबद्दल, ज्याला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. तुम्ही किंवा तुमची आई, सासूबाई, वडील फिजिओथेरपीला पहिल्यांदाच जाणार असाल, तर सुरुवात कुठून करायची आणि पुढे कसं जायचं ते इथे क्रमाने सांगते. कंबर किंवा खांदा दुखत असेल तर व्यायाम वेगळे असतील. 'किती दुखलं तर चालेल' हा भाग मात्र तुम्हीही वाचा.

पहिली पायरी: हे दुखणं घरी हाताळण्यासारखं आहे ना?

काही दुखणी आधी डॉक्टरांनीच पाहायला हवीत. सांधा लाल, गरम आणि टम्म सुजलाय आणि अंगात ताप आहे, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पडल्यावर त्या पायावर भारच देता येत नसेल, गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, काही कारण नसताना वजन घटत असेल, रात्रंदिवस एकसारखं ठणकत असेल, तरीही थांबू नका. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर ती चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते.

आणखी एक खूण आहे. सकाळी उठल्यावर गुडघा आखडलेला असतो, पण चार पावलं टाकल्यावर, चहा होईपर्यंत मोकळा होतो, हे झिजेच्या दुखण्याचं लक्षण. आखडलेपणा अर्ध्या तासाच्या पुढे राहत असेल, सोबत हाताची बोटं, मनगटंही सुजत असतील, तर तो दुसऱ्या प्रकारचा संधिवात असू शकतो. त्याची औषधं वेगळी आहेत आणि ती वेळेत सुरू व्हावी लागतात.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर व्यायामाआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या. व्यायाम करताना छातीत दाटलं, चक्कर आली, तर लगेच थांबायचं.

एक्स-रेबद्दल जरा सविस्तर सांगते. पिशवीतून एक्स-रे काढून "गॅप संपलीय म्हणे" असं सांगताना माणसांचा चेहरा उतरलेला असतो. पण एक्स-रेवरची झीज आणि प्रत्यक्ष दुखणं यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही. फोटोत भरपूर झीज दिसते आणि माणूस रोज टेकडी चढतो. फोटो बरा असतो आणि जिना चढवत नाही. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेने २०२२ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्ट म्हटलंय की लक्षणं नेहमीसारखी असतील तर निदानासाठी एक्स-रे सरसकट काढायची गरज नाही. तेव्हा तो कागद म्हणजे तुमच्या गुडघ्यावरचा निकाल समजू नका.

दुसरी पायरी: आत काय चाललंय ते समजून घ्या

हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्या थरात रक्तवाहिन्या नसतात. मग त्याला पोषण मिळतं कसं? सांध्यातल्या द्रवातून. पायावर भार पडला की कूर्चा दाबली जाते, भार सरला की ती पुन्हा फुगते आणि द्रव आत ओढून घेते, पाण्यात धरलेला स्पंज दाबावा आणि सोडावा तसं. 'वंगण' म्हणतात ते असं हालचालीनेच फिरतं. गुडघा बसवून ठेवला तर हा पुरवठाच मंदावतो. टायर आणि गुडघा यांच्यात हा मोठा फरक आहे.

दुसरी गोष्ट मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूची. पाऊल टेकताना बसणारा हिसका हा स्नायू झेलतो. पण गुडघ्यात सूज आली की शरीर या स्नायूकडे जाणारा आदेशच कमी करतं, म्हणजे लोडशेडिंगच म्हणा ना. स्नायू जागेवर असतो, पण पुरता पेटत नाही. त्यात आपण चालणं बंद करतो. महिना-दोन महिन्यांत मांडी बारीक होते, सगळा हिसका सांध्यावर येतो आणि जिना उतरताना "गुडघा सुटतो" असं वाटायला लागतं. व्यायामाने आपण हा स्नायू परत कामावर आणतो.

तिसरी गोष्ट समजायला जरा कठीण आहे, पण ती कळली की भीती कमी होते. शेतावरच्या राखणीच्या कुत्र्याचं बघा. एकदा चोरी झाली की ते कुत्रं पुढे कितीतरी दिवस दूधवाल्यावरही भुंकतं. कुत्रं खोटं भुंकत नसतं. त्याला खरोखर धोका वाटत असतो. अनेक महिने दुखत असलेल्या गुडघ्याच्या नसा अशाच जास्तीच्या सावध झालेल्या असतात. साध्या वाकण्यावरही त्या ओरडतात. दुखणं खरंच असतं, पण दर वेळी दुखतंय म्हणजे दर वेळी आत काही तुटतंय असं नाही. दूधवाला रोज, ठरल्या वेळी, शांतपणे येत राहिला की कुत्र्याची सवय मोडते. थोडी थोडी, रोजची, न घाबरता केलेली हालचाल गुडघ्यासाठी तेच काम करते.

तिसरी पायरी: फिजिओथेरपिस्टची निवड आणि पहिली भेट

फिजिओथेरपी म्हणजे मालिश नव्हे आणि हाडं कडकड वाजवणंही नव्हे. बी.पी.टी. हा चार वर्षांहून अधिक काळाचा पदवी अभ्यासक्रम आहे, त्यापुढे एम.पी.टी. पाटीवर ही पदवी आहे का बघा. महाराष्ट्रात राज्य परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत हा विभाग असतो. मुंबईत हाजीअलीला तर १९५५ पासून पुनर्वसनासाठीची केंद्र सरकारची स्वतंत्र संस्थाच आहे.

पहिल्या दिवशी चालू औषधांची यादी, जुने रिपोर्ट आणि गुडघ्याच्या वर सहज सरकेल असा सैल पायजमा किंवा सलवार घेऊन जा. साडी नेसून आलात तरी हरकत नाही, पण मांडी तपासावी लागते, एवढं मनाशी धरून या. स्त्री थेरपिस्ट हवी असेल तर तसं आधीच सांगा.

आणि एक गोष्ट घरून ठरवून या: तुम्हाला नेमकं काय करता यायला हवंय? "दुखायला नको" हे उत्तर पुरेसं नाही. एसटीत चढायचंय, देवळाच्या पायऱ्या चढायच्यात, नातवाला उचलायचंय, आळंदी ते पंढरपूर नाही तर निदान एक टप्पा वारीत चालायचाय, असं काहीतरी धरता येण्यासारखं सांगा. व्यायाम त्यावरूनच ठरतो.

पहिली भेट नीट झाली तर थेरपिस्ट तुम्हाला चालायला लावेल, खुर्चीतून उठायला लावेल, मांडीची ताकद आणि गुडघ्याचा वाक मोजेल. पंधरा मिनिटांत न तपासता "झोपा, मशीन लावते" असं झालं तर विचारा, "आणि व्यायाम?" हे मी आमच्याच व्यवसायाबद्दल लिहितेय आणि मनापासून लिहितेय. माझ्याकडे आलेल्या एका काकूंनी दुसरीकडे तीसेक दिवस रोज रिक्षाने जाऊन शेक आणि करंट घेतला होता. त्यांना एकही व्यायाम कुणी शिकवला नव्हता. शेकाने तात्पुरतं बरं वाटतं, हे खरं. पण 'नाइस'च्या त्याच सूचनांत गुडघ्याच्या झिजेसाठी अल्ट्रासाउंड, आय.एफ.टी., टेन्स, लेझर अशी विजेवरची यंत्रं देऊ नका, कारण उपयोगाचा पुरेसा पुरावा नाही, असं लिहिलंय; व्यायाम मात्र सगळ्यांना द्या, असं लिहिलंय. शेक हवाच असेल तर घरी गरम पाण्याची पिशवी आहे. तिने गुडघा सैल करून घ्या आणि लगेच व्यायामाला बसा.

चौथी पायरी: आजचा आकडा लिहून ठेवा

पाठ असलेली, बिनहाताची, साधारण गुडघ्याएवढ्या उंचीची खुर्ची घ्या आणि ती भिंतीला टेकवा. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे घ्या. घरातल्या कुणालातरी मोबाइलवर ३० सेकंद लावायला सांगा आणि तेवढ्या वेळात किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. हाताचा आधार घ्यावा लागला तर शून्य धरायचं. ज्येष्ठांसाठी सर्रास वापरली जाणारी ही चाचणी आहे. ६० ते ६४ वयाच्या बाईचा आकडा १२ च्या खाली आणि पुरुषाचा १४ च्या खाली आला, तर पायांची ताकद त्या वयाच्या मानाने कमी समजतात.

हा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेच्या चौकटीत लिहा. दुखणं रोज वरखाली होतं, त्यावरून सुधारणा कळत नाही. या आकड्यावरून कळते.

पाचवी पायरी: चार व्यायाम, आठवड्यातून तीन दिवस

थेरपिस्टने वेगळे दिले असतील तर तेच करा. हे चार सुरुवातीला बहुतेकांना जमतात. प्रत्येक दहा वेळा, मध्ये मिनिटभर दम घेऊन पुन्हा दहा वेळा. सोम-बुध-शुक्र असे वार बांधून घ्या. मधल्या दिवशी स्नायूंना विश्रांती हवी असते.

पहिला, टॉवेल दाबणे. पलंगावर पाय लांब करून बसा. गुडघ्याच्या खाली टॉवेलची गुंडाळी. मांडी आवळून गुडघ्याने ती गुंडाळी खाली दाबा, मनात पाच आकडे मोजा, सोडा. गुडघ्याची वाटी वर सरकताना दिसली की समजा बरोबर होतंय. दिसत नसेल तर मांडीवर हात ठेवा. हाताखाली स्नायू घट्ट लागायला हवा. फार दुखत असेल त्या दिवशीही हा करता येतो.

दुसरा, खुर्चीतून उठणे-बसणे. माझ्या मते चारांत हा सगळ्यांत मोलाचा, म्हणून जरा थांबून सांगते. सुरुवातीला खुर्चीवर दोन उशा किंवा घडी घातलेली गोधडी ठेवून उंची वाढवा. पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर बसा. दोन पावलांत खांद्यांएवढं अंतर, टाचा गुडघ्यांपेक्षा किंचित मागे. आता कंबरेतून पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. इथेच लोक चुकतात. ताठ बसून उठायला बघतात, मग सगळा जोर गुडघ्यांवर येतो आणि हात आपोआप मांडीवर जातात. वाकलात की पार्श्वभाग आपसूक उचलला जातो. उठताना श्वास सोडा, रोखू नका. दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकू देऊ नका. मध्ये एक वीट मावेल इतकं अंतर ठेवा. बसताना धपकन नाही: एक... दोन... तीन... आणि मग खुर्ची. हे सावकाश बसणंच तुम्हाला पुढे जिना उतरवणार आहे. दहा-दहा सहज व्हायला लागले की एक उशी काढा. आठवड्या-दोन आठवड्यांनी दुसरी.

तिसरा, ओट्याला धरून टाचा उचलणे. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत होऊन जातो. दोन्ही टाचा उचला, क्षणभर थांबा, सावकाश खाली.

चौथा, बाजूला पाय उचलणे. ओट्यालाच धरून ताठ उभं राहा, एक पाय सरळ ठेवून बाजूला वीतभर उचला, परत आणा. अंग दुसऱ्या बाजूला कलू देऊ नका. याने खुब्याच्या बाजूचे स्नायू बळकट होतात आणि चालताना झोकांड्या जाणं कमी होतं. आधार घेतलेल्या पायालाही तेवढाच व्यायाम होतो, म्हणून दोन्ही बाजूंनी करा.

महिन्याभराने उंबरठ्यावर किंवा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चढ-उतार सुरू करता येईल, कठडा धरून.

सहावी पायरी: किती दुखलं तर चालेल?

नव्याने सुरुवात करणाऱ्यांपैकी बरीच माणसं इथे व्यायाम सोडतात. पहिल्या आठवड्यात दुखणं थोडं वाढतं, घरचे म्हणतात "बघ, सांगितलं होतं", आणि उशा परत पलंगावर जातात. सुरुवातीला दुखणं थोडं वाढू शकतं, हे आधीच माहीत असू द्या.

आम्ही शून्य ते दहाची पट्टी वापरतो. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून वाईट सुचतच नाही. व्यायाम करताना दोनपर्यंत दुखलं तर निर्धास्त राहा. तीन ते पाच हेही चालतं. पाचाच्या वर गेलं तर त्या दिवशी कमी करा: वेळा कमी, किंवा उशी एक वाढवा. आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी स्वतःला विचारा: दुखणं व्यायामाआधी होतं तिथे परत आलं का? आलं असेल तर कालचं प्रमाण बरोबर होतं, तेच पुढे चालू ठेवा. आलं नसेल, किंवा गुडघा सुजलाय, तर ते जास्त झालं. पुढच्या वेळी एक पाऊल मागे घ्या, पण बंद करू नका.

मांडीत, पोटरीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारा ठणका वेगळा. बऱ्याच वर्षांनी शेतात कामाला गेल्यावर अंग दुखतं ना, तसला तो. दाबल्यावर स्नायूत दुखतं, सांध्यात नाही. दोन-तीन दिवसांत जातो. तो ठणका म्हणजे स्नायू कामाला लागल्याची खूण आहे.

माझ्याकडे एक मावशी यायच्या, साठीच्या पुढच्या, गावाहून एसटीने. उतरताना त्या दाराकडे पाठ करून, दोन्ही हातांनी दांडी धरून उलट्या उतरायच्या, शिडीवरून उतरावं तसं. मागे कंडक्टर "चला मावशी, चला" म्हणायचा आणि त्यांना रडू यायचं. त्यांचा खुर्चीचा पहिला आकडा शून्य. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "सात दुखलं, आता बास." मी विचारलं, दुसऱ्या दिवशी किती होतं? त्या थबकल्या. तो विचारच केला नव्हता. आठवून म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी... रोजच्यासारखंच." आम्ही एक उशी वाढवली आणि दहाच्या जागी सहा वेळा केलं, एवढाच बदल. पुढच्या भेटीला त्यांनी नातीच्या वहीत आकडे लिहून आणले होते: डावीकडे व्यायामाच्या वेळचं दुखणं, उजवीकडे दुसऱ्या दिवशीचं. उजवीकडच्या ओळीत तीन, तीन, दोन, तीन, दोन. त्या ओळीवर बोट फिरवत त्या कितीतरी वेळ गप्प बसल्या होत्या. त्या दिवसापासून मी सगळ्यांना ही वही करायला सांगते.

सातवी पायरी: चालणं

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, त्याखेरीज दोन दिवस ताकदीचे व्यायाम. ६५ च्या पुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचेही. १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. हा आकडा वाचून घाबरू नका, तिथे वर्षभरात पोचलात तरी चालेल.

आधी बघा, दुखणं पाचाच्या वर न जाता किती मिनिटं चालता येतं. समजा दहा मिनिटं. मग सुरुवात आठापासून करा. बरं वाटलं तरी आठ, कंटाळा आला तरी आठ. दर आठवड्याला मिनिटभर वाढवा. एकदम जमत नसेल तर सकाळ-संध्याकाळ चार-चार. सपाट रस्ता बघा. बूट मऊ तळाचे, मागे पट्टा असलेले. झिजलेली स्लीपर नको. पावसाळ्यात शेवाळलेल्या रस्त्याऐवजी घरातल्या पडवीत किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारा.

सगळ्यांत घात होतो तो बऱ्या दिवशी. गुडघा हलका वाटला म्हणून एकाच दिवशी माळा आवरला, पडदे धुतले, भाजणी भाजली आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. दिवाळीच्या आधी माझ्याकडची गर्दी याच कारणाने वाढते. काम आठवडाभर वाटून घ्या. अर्धा तास उभ्याने, मग दहा मिनिटं बसून लसूण सोला, भाजी निवडा. बऱ्या आणि वाईट दिवशी सारखंच काम, हे सूत्र धरा.

घरातल्या काही सोयी

मांडी घालून किंवा उकिडवं बसणं आयुष्यभरासाठी सोडायचं असं काही नाही. पण पहिले दोन-तीन महिने पूर्ण वाकलेल्या गुडघ्यावर भार कमी ठेवा. पूजेला पाटाऐवजी स्टूल, संडासात कमोड किंवा वर ठेवायची खुर्ची.

जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी धरायची ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात आणि काठी व उजवा पाय एकाच वेळी पुढे. बहुतेक जण उलटं धरतात. ताठ उभं राहून हात सैल सोडला की काठीची मूठ मनगटाच्या रेषेपाशी यायला हवी. काठी धरायला लाज वाटते असं बायका फार सांगतात. त्यांना मी म्हणते, काठी घेऊन लग्नाला गेलेलं बरं की घरी बसलेलं?

वजन जास्त असेल तर थोडं उतरवा. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. पाच किलो उतरले तर पावलाला वीस किलो, आणि दिवसाची पावलं किती ते तुम्हीच मोजा. दुखऱ्या गुडघ्यावर लावायचं मलम ठीक आहे, पण मेडिकलमधून स्वतःच आणून दुखण्याच्या गोळ्या महिनोन् महिने खाऊ नका. पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांच्यावर त्या परिणाम करतात. झोप नीट झाली नाही की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त जाणवतं. रात्री कुशीवर झोपलात की दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन बघा.

मध्येच दुखणं उसळलं तर

उसळणारच, कधी ना कधी. एखाद्या लग्नात जास्त उभं राहणं झालं, पाय घसरला, किंवा काहीच कारण नाही. दोन-तीन दिवस चालणं निम्म्यावर आणा, खुर्चीच्या व्यायामाला दोन उशा परत ठेवा, टॉवेल दाबणं मात्र रोज करा. सूज असेल तर कापडात गुंडाळून बर्फ दहा-पंधरा मिनिटं. पूर्ण अंथरूण धरू नका. दर तासाला उठून घरातल्या घरात एक फेरी मारा. आठवड्याभरात उतार पडला नाही, किंवा पहिल्या पायरीत सांगितलेलं एखादं लक्षण दिसलं, तर दाखवून घ्या.

तीन महिन्यांनी

स्नायूंत ताकद यायला आठवडे लागतात. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी जो कार्यक्रम चालतो, त्यात माहितीची दोन सत्रं आणि देखरेखीखाली व्यायामाची बारा सत्रं असतात. तेव्हा पाच दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नका. आठ ते बारा आठवडे द्या आणि मग पुन्हा ३० सेकंद लावून आकडा मोजा.

एवढं नेटाने करूनही रात्रीची झोप उडत असेल, घरातल्या घरात चालणं मुश्किल असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांशी गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल बोला. तो पराभव नव्हे. तिथेही बळकट मांडी घेऊन गेलेला माणूस नंतर लवकर उभा राहतो, म्हणजे केलेले व्यायाम वाया जात नाहीत.

त्या मावशींचा आकडा बाराव्या आठवड्यात नऊ आला. त्यांच्या वयाच्या मानाने अजून कमीच. गुडघा अजून दुखतो, जिना उतरताना तीनपर्यंत जातो. पण आता त्या एसटीतून सरळ तोंडाने उतरतात, एका हाताने दांडी धरून, दुसऱ्या हातात पिशवी. गेल्या भेटीत वही उघडून नवीन पान दाखवलं त्यांनी. वर नातीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पाटावरून उठणे'. खाली पहिली तारीख, आणि तिच्यापुढे चार उशा असं लिहिलेलं.